घावनाची सोबत

नवी मुंबई बहुतेक प्रवासी पाहत नाहीत, ओलांडून जातात. गोव्याकडे जाणारा महामार्ग पनवेलपासून सुरू होतो आणि पुण्याकडचा द्रुतगती मार्ग कळंबोलीपासून. कोकणात जाणाऱ्या अनेक गाड्या पनवेल स्थानकावर थांबतात. २५ डिसेंबर २०२५ पासून येथील नव्या विमानतळावरून विमानांची ये-जाही सुरू झाली आहे. साहजिकच हातात दोन-तीन तास आहेत, मुले भुकेजली आहेत, बरोबर आजी-आजोबा आहेत आणि पुढचा प्रवास अजून शिल्लक आहे, अशा अवस्थेतील कितीतरी कुटुंबे रोज या शहरात असतात. समोर सहज दिसतो तो वडापाव, नाहीतर बर्गर आणि नूडल्स. तेवढ्यावर भूक भागते, परंतु पुढच्या प्रवासात पोट जड होते आणि आपण कोणत्या प्रदेशातून गेलो याची जिभेला दाद लागत नाही.

वाचकहो, पुढच्या वेळी या शहरात असा रिकामा वेळ मिळाला, तर त्याचा एक चांगला उपयोग आहे. नेरूळ, बेलापूर, वाशी किंवा पनवेल येथील एखादे लहानसे मालवणी उपाहारगृह शोधा आणि तव्यावरचे घावन मागवा. मात्र मागवण्यापूर्वी त्याच्यासोबत काय मिळते, हे अवश्य विचारा. हा प्रश्न इतका महत्त्वाचा का, हे समजण्यासाठी क्षणभर पार जपानपर्यंत जाऊन यावे लागेल.

हिरोशिमाचा तवा

जपानमध्ये फिरणारे प्रवासी ज्या प्रादेशिक पदार्थांचा आवर्जून शोध घेतात, त्यांत ओकोनोमियाकीचे नाव वरचे आहे. ओकोनोमी म्हणजे आपल्या आवडीनुसार आणि याकी म्हणजे भाजलेले. गव्हाच्या पिठाचे हे तिखटामिठाचे धिरडेच म्हणा ना! परंतु गावोगावी त्याची रीत बदलते. ओसाकाकडे चिरलेला कोबी पिठातच कालवतात आणि जाडसर धिरडे घालतात. हिरोशिमात लोखंडी पत्र्यावर आधी पातळ पापुद्रा पसरतात, त्यावर कोबीचा ढीग रचतात, मग मोड आलेली कडधान्ये, मांस, नूडल्स आणि शेवटी अंडे असे थर चढवतात. टोकियोच्या त्सुकिशिमा भागातील मोंजायाकी याहून सैल असते. प्रत्येक गावाला आपलीच रीत खरी वाटते. आपल्याकडे मालवण आणि रत्नागिरी यांच्या मसाल्यांवरून वाद रंगतात, तसेच हे.

हिरोशिमातील या पदार्थाला दुःखाची पार्श्वभूमी आहे. ६ ऑगस्ट १९४५ रोजी अणुबाँबने ते शहर उद्ध्वस्त झाले. तांदूळ दुर्मीळ झाला आणि अमेरिकेकडून मदत म्हणून गव्हाचे पीठ आले. युद्धापूर्वी मुलांचा स्वस्त खाऊ असलेले पातळ धिरडे त्या पिठाच्या आधाराने मोठ्यांचे जेवण झाले. पोट भरावे म्हणून त्यात स्वस्त मिळणारा कोबी भरपूर घालण्यात आला. आपल्याकडे १९७२ च्या दुष्काळात मिलो ज्वारी आणि सुकडी आली. त्या काळातील घरांना टंचाईच्या पिठाची ही चव सांगायला नको.

यातली ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट अशी, की टंचाईत जन्मलेल्या त्या पदार्थात भाजी पोटातच आहे. एका ओकोनोमियाकीत दोन-तीन मुठी कोबी सहज जातो. वरचा गोडसर-खारट सॉस आणि मेयोनीज यांमुळे मीठ-साखर वाढते हे खरे. पण मागवणाऱ्याला वेगळे काही सांगावे लागत नाही, भाजी आपोआप येते. आपल्या घावनाची रीत याहून वेगळी आहे. घावनात पीठ, पाणी आणि मीठ यांखेरीज काही नसते. त्याची भाजी, त्याचे कडधान्य त्याच्या शेजारी असते. शेजार सुटला की घावन पोरके होते.

जाळी कशी पडते

उपाहारगृहात गेल्यावर, शक्य असेल तर तवा दिसेल अशी जागा निवडा. लहान मुलांना बरोबर घ्या. त्यांना हे पाहण्यात फार गंमत वाटते. घावनाचे पीठ ताकासारखे पातळ असते. तांदळाचे पीठ जड, म्हणून ते तळाशी बसते, आणि प्रत्येक घावनापूर्वी पातेले ढवळावे लागते. बिडाचा तवा चांगला तापला की अर्धा चिरलेला कांदा तेलात बुडवून त्यावर फिरवतात. कांद्याने तेल बेताचे लागते आणि सर्वत्र सारखे पसरते. मग वाटीने पीठ काठाकडून मध्याकडे ओततात. तव्याला लागताच पाण्याची वाफ होते, ती पिठातून वाट काढते आणि घावनाला जाळी पडते. तवा थंड असेल तर जाळी पडत नाही, घावन चिकटते. झाकण ठेवून एकाच बाजूने शिजलेले पांढरेशुभ्र घावन दुमडून पानात येते, ते ऊन असतानाच खायचे. गार झाले की चिवट होते.

प्रवाशाच्या दृष्टीने या कृतीत एक मोठी सोय आहे. पदार्थ तुमच्या डोळ्यांदेखत, कडक तापलेल्या तव्यावर शिजतो आणि थेट ताटात येतो. सकाळी तळून ठेवलेल्या आणि दुपारी पुन्हा तेलात सोडलेल्या पदार्थापेक्षा तो पोटाला केव्हाही सुरक्षित. तेल चमचाभरही लागत नाही. गव्हाचा अंश नसल्याने ज्यांना गव्हातील ग्लूटेन सोसत नाही त्यांनाही तो चालू शकतो. मात्र त्याच तव्यावर पोळ्या भाजतात का आणि पिठात गहू किंवा रवा मिसळतात का, हे त्यांनी आधी विचारून घ्यावे.

आंबोळी ही घावनाची मोठी बहीण. तीन वाट्या तांदूळ, एक वाटी उडीद डाळ आणि चमचाभर मेथी भिजवून वाटतात व रात्रभर आंबू देतात. खाडीकाठच्या उबदार, दमट हवेत पीठ लवकर फुगते. आंबवण्यात नुसती चव येत नाही. धान्य-डाळींतील फायटिक आम्ल लोह आणि जस्त यांना अडकवून ठेवते; आंबवताना ते काही प्रमाणात कमी होते आणि ही खनिजे शरीराला अधिक सहज मिळतात. तांदळातील प्रथिनांत लायसिन कमी, तर डाळींत ते पुरेसे. डाळींत जे कमी असते ते तांदूळ भरून काढतो. म्हणून निवड करायचीच असेल, तर रोजच्या खाण्यासाठी आंबोळी घावनापेक्षा सरस आहे.

शेजार कुठे हरवला

कोकणातील घरी आंबोळीबरोबर काळ्या वाटाण्याचे सांबारे असे. हे बारीक, काळपट वाटाणे रात्रभर भिजवून, भाजलेल्या खोबऱ्या-कांद्याच्या वाटणात शिजवतात. घावनाबरोबर कधी हेच सांबारे, कधी अळूची किंवा भोपळ्याची भाजी, मांसाहारी घरांत कोंबडीचा रस्सा किंवा माशाचे कालवण. सणाच्या दिवशी नारळाचा गूळ घातलेला रस. गौरीच्या नैवेद्याला कोकणात अनेक घरी घावन-घाटले करतात. म्हणजे गोड घावन हे सणाचे, वर्षातून मोजक्या दिवसांचे खाणे होते आणि एरवीच्या घावनाला कडधान्याचा किंवा कालवणाचा आधार होता.

उपाहारगृहाच्या ताटात हे प्रमाण उलटे झालेले दिसते. चार घावने येतात आणि त्यांच्यासोबत लहानशा वाटीत खोबऱ्याची चटणी. कडधान्याची उसळ वेगळी मागवावी लागते, आणि वेगळे पैसे पडतात म्हणून आपण ती टाळतो. परिणामी चार घावनांचा पिष्टमय भार पोटात जातो. बारीक दळलेल्या तांदळाच्या पिठाचे पचन झपाट्याने होते, रक्तातील साखर लवकर वर जाते आणि दोन तासांत पुन्हा भूक लागते. प्रवासात मुलांची जी सततची किरकिर आपण कंटाळ्यावर घालतो, तिच्यामागे पुष्कळदा हे अपुरे खाणे असते.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार आपल्या देशात मधुमेह असलेल्यांची संख्या १० कोटींहून अधिक आहे. प्रवासाला निघालेल्या कुटुंबात असे एखादे माणूस असण्याची शक्यता मोठी. त्याला घावन वर्ज्य सांगून बाजूला बसवण्यापेक्षा घावनाला त्याचा शेजार परत मिळवून देणे अधिक शहाणपणाचे.

शहराच्या तव्यावर सारा महाराष्ट्र

घावनाच्या निमित्ताने या शहराकडे थोडे निरखून पाहा. मुंबईची गर्दी खाडीपलीकडे वळवावी, ही कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६० च्या दशकात मांडली. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. ठाणे आणि तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील ९५ गावांची जमीन या शहराखाली आली. मग राज्याच्या कानाकोपऱ्यांतून माणसे आली आणि प्रत्येकाने आपला तवा बरोबर आणला.

मुंबईतील घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने वाशी-तुर्भे येथे हलले. त्यांच्यामागून माथाडी कामगार आले, त्यांतील बरेचसे सातारा-सांगलीकडचे. त्यांची वस्ती कोपरखैरणे आणि घणसोली येथे मोठी आहे. तिथे ज्वारी-बाजरीची भाकरी, पिठले आणि थालीपीठ यांचे राज्य. मराठवाड्यातून आलेल्या घरांत धपाटे, खानदेशातल्यांकडे ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी. दक्षिणेतून आलेल्यांनी हिरव्या मुगाचा पेसरट्टू आणला. हिवाळ्यात वेगवेगळ्या नोडमध्ये भरणाऱ्या मालवणी आणि आगरी-कोळी महोत्सवांत हे तवे शेजारी-शेजारी तापलेले दिसतात. तुम्ही नेमके त्या दिवसांत येथे असाल, तर एकाच संध्याकाळी चार जिल्ह्यांची धिरडी चाखता येतील. प्रत्येकाचे एकेक घ्या आणि चौघांत वाटून खा. पोटही बिघडणार नाही आणि तुलनाही होईल.

आरोग्याच्या दृष्टीने या सर्वांत थालीपिठाचे स्थान वरचे. भाजणीत ज्वारी, बाजरी, तांदूळ, गहू यांच्या जोडीला हरभरा आणि उडीद डाळ, शिवाय धने-जिरे असतात. ओकोनोमियाकीप्रमाणे त्याच्या पोटातही कांदा, मेथी, दुधी, कोबी असे काहीही मावते. त्याचा आणखी एक गुण असा, की गार झाले तरी ते खाण्याजोगे राहते. पनवेलहून पुढे सात-आठ तासांचा प्रवास असेल, तर घावने जागेवर खावीत आणि थालीपिठे डब्यात बांधून घ्यावीत. सोबत दही न घेता जवसाची किंवा कारळाची कोरडी चटणी घ्या. उन्हात दही आंबते, ही चटणी टिकते आणि तिच्यातून तंतू व चांगले स्निग्ध पदार्थ मिळतात.

भाताच्या शेतावरचे शहर

या साऱ्या पाहुण्या पदार्थांत यजमानाचा पदार्थ कोणता? येथे मुळात राहणाऱ्या आगरी-कोळी समाजाची तांदळाची भाकरी. उकळत्या पाण्यात पीठ उकडून, चांगले मळून, ओल्या हाताने थापलेली ही पांढरी, मऊ भाकरी तव्यावर टम्म फुगते. लग्नघरी बायका एकत्र बसून अशा शेकडो भाकऱ्या थापतात. दिवाळे, सारसोळे, करावे अशा गावांतून आजही खाडीतली मासळी आणि ही भाकरी यांची जोडी टिकून आहे.

ज्या जमिनीवर हे शहर उभे राहिले, तिथे भाताची शेते आणि मिठागरे होती. समुद्राचे पाणी बांध घालून अडवायचे आणि खाऱ्या मातीत भात पिकवायचा, ही येथील शेतकऱ्यांची पिढीजात विद्या. पनवेल येथे कोकण कृषी विद्यापीठाचे खारभूमी संशोधन केंद्र आहे. खाऱ्या जमिनीत तग धरणाऱ्या भाताच्या त्याच्या वाणांना पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ अशी नावे आहेत. आज पनवेल म्हटले की स्थानक, महामार्ग आणि इमारती डोळ्यांपुढे येतात. त्या नावाचा भात आहे, हे येथून जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल?

जमिनी गेल्या त्याचा झगडाही मोठा होता. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी योग्य मोबदल्यासाठी लढले. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरातील आंदोलनात पाच जणांना हौतात्म्य आले आणि त्यातून प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे धोरण पुढे आले. हा इतिहास आरोग्याच्या पाक्षिकात कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर ताटात आहे. दिवसभर गुडघाभर चिखलात लावणी करणाऱ्या, होडी ओढणाऱ्या माणसाच्या पोटी चार तांदळाच्या भाकऱ्या जात आणि संध्याकाळपर्यंत जिरून जात. शेत गेले, मिठागर गेले, नातू खुर्चीवर बसून काम करू लागला. भाकऱ्या मात्र चारच राहिल्या. श्रम वजा झाले आणि अन्न तेवढेच उरले, तेव्हा उरलेला हिशेब शरीराने आपल्या खात्यावर लिहून घेतला. हे येथील मूळ रहिवाशांइतकेच साताऱ्याच्या, सिंधुदुर्गाच्या आणि आपणा सर्वांच्या घरचे चित्र आहे.

म्हणून तांदूळ सोडा, असा सल्ला येथे द्यायचा नाही. ज्या अन्नावर पिढ्या पोसल्या, ते दोषी ठरवून घराबाहेर काढणे सोपे असते. त्याचे माप आणि त्याची सोबत बदलणे थोडे अवघड, परंतु टिकाऊ असते. आगरी घरांतही भाकरीच्या शेजारी मासळी, वालाची भाजी, पालेभाजी होतीच. चारांच्या दोन भाकऱ्या करून तो शेजार दुप्पट केला, तर आजीची चवही राहते आणि नातवाची साखरही आवरते.

मागवताना एवढे करा

आता पुन्हा त्या उपाहारगृहातील बाकावर या. वाढपी समोर उभा आहे. अशा वेळी पुढील क्रम ध्यानात ठेवा.

सर्वप्रथम उसळ किंवा कालवण मागवा. घावनांचा आकडा नंतर सांगा. काळ्या वाटाण्याची, मुगाची, चवळीची, जी असेल ती चालेल. माणशी एक भरलेली वाटी हवी. मासे खाणाऱ्यांनी तळलेल्या तुकडीऐवजी कालवण किंवा तिखले घ्यावे.

घावने माणशी दोन पुरे. आणखी भूक असेल तर तिसऱ्याऐवजी एक आंबोळी घ्या. कोशिंबीर, काकडी अथवा एखादी पालेभाजी मागा. २०२४ च्या राष्ट्रीय आहार मार्गदर्शिकेनुसार ताटाचा निम्मा भाग भाज्या-फळांचा असावा. प्रवासात तेवढे जमेलच असे नाही, निदान पाव ताट तरी जमवावे. मात्र चिरून बराच वेळ उघडी ठेवलेली काकडी घेऊ नका.

ताट आले की पहिले चार-पाच घास उसळीचे व भाजीचे घ्या, घावन त्यानंतर. जेवणात भाजी-प्रथिने आधी आणि पिष्टमय पदार्थ नंतर घेतल्यास रक्तातील साखर तुलनेने सावकाश वाढते, असे अभ्यासांतून दिसून आले आहे. मधुमेही व्यक्तीने आपली औषधे व जेवणाची वेळ यांत मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदल करू नये.

ओल्या खोबऱ्याची चटणी ताजी असेल तरच खा. उन्हाळ्यात ती काही तासांत उतरते आणि तिच्यात घातलेले पाणी कोणते, हे आपल्याला कळत नाही. शंका आली तर वाटी बाजूला सारा. गरम उसळ अधिक भरवशाची. आंबोळीला सुखद आंबूस वास यावा. तो उग्र वाटला, तर पीठ जुने आहे असे समजा आणि विनासंकोच सांगा.

मिठाकडेही लक्ष असू द्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे प्रौढ व्यक्तीने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ घ्यावे. लोणचे, पापड आणि सुकट एकाच जेवणात घेतली, तर ही मर्यादा बसल्या जागी ओलांडली जाते. तिघांपैकी एकच निवडा.

मुलांना गुळाचा रस हवाच असेल, तर चौघांत एक वाटी मागवा आणि शेवटच्या अर्ध्या घावनासोबत द्या. सणाचा पदार्थ सणासारखाच, थोडा आणि कौतुकाने खावा.

हिरोशिमाला जाणे प्रत्येकाला जमणार नाही; पनवेलला मात्र आपण वर्षातून दोनदा तरी थांबतो. तिथल्या लोखंडी पत्र्यावर कोबीच्या ढिगाने जे साधले, ते येथे वाटीभर काळ्या वाटाण्यांनी साधते. एवढेच, की हिरोशिमात भाजी आपसूक येते आणि येथे ती मागावी लागते. पुरेशी गिऱ्हाइके ती मागू लागली, तर उपाहारगृहवालाही एक दिवस न सांगता घावनाशेजारी उसळीची मोठी वाटी ठेवू लागेल.